वाऱ्याचे पैसे

आईच्या उशाचा टेबलफॅन उचलून कॉम्प्युटरच्या डब्याला वारा घालणारा मुलगा अख्ख्या मखमलाबादमध्ये दुसरा सापडला नसता. बरं, हा डबा घरात तरी असावा! तो गंगापूर रोडला बिल्डरच्या मांडवात, दसऱ्याच्या दिवशी, चार लोकांत, बाजूचं झाकण काढून आतडी उघडी टाकून बसला होता. त्याच्यापुढं अक्काबाईचा निळा पंखा मान न हलवता घरघरत होता आणि अक्काबाई मागे प्लास्टिकच्या खुर्चीत पदराने घाम पुसत होती. मांडवाची झेंडूची तोरणं तिच्याच मळ्यातली. ती बांधून झाली तशी ती घरी जायला मोकळी होती. पण पंखा सोडून कशी जाणार?

पंख्याचं निमित्त. लेकाचा, किशोरचा चेहरा सकाळपासून तिला बघवत नव्हता.

इमारत अजून पायाच्या खड्ड्यात होती. किशोरने ती कॉम्प्युटरमध्ये उभी केली होती. गिऱ्हाइकाने माउस सरकवला की दार उघडायचं, हॉल यायचा, खिडकीतून धरणाकडचे डोंगर दिसायचे. बिल्डर शेठ म्हणाले होते, संध्याकाळपर्यंत हे बंद न पडता चाललं तर पुढच्या इमारतींचं कामही तुझं; पडलं तर पुण्याची माणसं आहेतच. आणि सकाळी घरी ते दोनदा पडलं होतं. सगळं चित्र फिरवणारं आतलं ग्राफिक्स कार्ड तापायचं. आधी चित्रावर हिरवे ठिपके, मग काळोख.

कार्ड घ्यायला मायलेक गेले त्या दिवशी दुकानात दोन होती. आतून दोन्ही सारखीच, असं दुकानदारच म्हणाला. एकाला चिमुकला पंखा. दुसऱ्याला तांब्याच्या नळ्या आणि दोन मोठे पंखे. जास्तीचे पैसे तेवढ्याचेच. किशोरचा हात दुसऱ्यावर होता.

“वाऱ्याचे पैसे?” अक्काबाईने सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं होतं. “वारा आपल्या मळ्यात फुकट हाय.”

किशोरने हात काढून घेतला होता.

उन्हं कलली तेव्हा देवळाली कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार आणि त्यांची बायको लताबाई कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. माउस लताबाईंच्या हातात. दोघं हॉल ओलांडून पुढं निघाले आणि लाइट गेली.

मांडवभर “हॅऽऽ” झालं. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहिला. पंखा इन्व्हर्टरवर नव्हता. त्याची पाती दमत दमत थांबली आणि आतल्या चिमुकल्या पंख्याची कुईकुई अक्काबाईला ऐकू यायला लागली. कानाशी डास यावा तशी.

“अक्का, तू घरी जा,” किशोर ओठ न हलवता म्हणाला.

“का? मी काय तुझ्या डब्यावर बसलीय?”

लताबाई स्वयंपाकघरात पोचल्या होत्या. “ओटा छान आहे हो. पण हे काय? भिंतीवर हिरवं कसलं?” त्या पडद्याजवळ सरकल्या. “अहो, बघा तरी. नव्या घराला आत्तापासूनच ओल!”

शेठनी लांबून मान वळवली. किशोरचा हात माउसकडे निघाला आणि अधांतरीच राहिला. ठिपके भिंतीवरून ओट्यावर उतरले.

अक्काबाई उठली. टेबलावर शेठच्या इमारतीची गुळगुळीत रंगीत पुस्तकं पडली होती. त्यातली तीनचार तिने एकत्र धरली, डब्यापुढं बैठक मारली आणि वारा घालायला लागली. जेवणाऱ्या जावयाला घालतात तसा हळुवार नाही; चूल पेटत नसली की घालतात तसा.

“ओल नाय बाई,” ती मान वर न करता म्हणाली. “मशीनला उकडतंय. घर कोरडं हाय.”

लताबाई आधी तिच्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघत राहिल्या. सुभेदार मिशीत हसले. “आणि ह्या आजी घराबरोबरच मिळणार का? वारा घालायला?”

“मी नाय परवडायची तुम्हाला. तुम्ही घर बघा.”

शेठ येऊन उभे राहिले होते. हाताची घडी घालून. ठिपके विरळ झाले, परत दाटले, परत विरळ झाले. अक्काबाईने पुस्तकं उजव्या हातातून डाव्यात घेतली, डाव्यातून परत उजव्यात. लताबाईंनी बेडरूम पाहिली, बाल्कनीत जाऊन डोंगर पाहिले, काहीतरी राहिलं म्हणून पुन्हा स्वयंपाकघरात आल्या आणि तिथंच थांबून फ्रिज कुठं मावेल ते नवऱ्याला सांगायला लागल्या. एवढं रेंगाळणारं गिऱ्हाईक अक्काबाईने फुलबाजारातही पाहिलं नव्हतं. किशोर पडद्याकडे बघत होता. ती किशोरच्या मानेकडे बघत होती. घामाची धार कॉलरमध्ये उतरत होती. आपला हात थांबला की हे सगळं जाणार, एवढंच तिला कळत होतं.

लाइट आली. पंखा फिरायला लागला.

“पाचव्या मजल्यावरचं आहे का शिल्लक?” सुभेदारांनी उठता उठता शेठना विचारलं. शेठ त्यांना घेऊन पलीकडच्या टेबलाशी गेले. जाताना त्यांनी किशोरकडे एकदा वळून पाहिलं. पुढचं कुटुंब खुर्च्या ओढून बसत होतं.

किशोर तिच्याशेजारी उकिडवा बसला. “अक्का, ठेव आता ते. पंखा चालू झाला.”

तिने ठेवलं नाही. पंख्याचा भरवसा तिला राहिला नव्हता.

“उद्या दुकानात जा,” ती म्हणाली. “ते तांब्याच्या नळ्यांचं घेऊन ये. आणि माझा पंखा माझ्या उशाशी ठेव.”

किशोर दिवसभरात पहिल्यांदा हसला. “वाऱ्याचे पैसे देऊ म्हणतेस?”

अक्काबाईने हात बदलला.

“तुला अक्कल असती ना किशोर, तर त्या दिवशी माझं ऐकलंच नसतंस.”