मागं बघायची सवय

गाडी पहिल्याच झटक्यात बंद पडली नाही, तिथंच रविराजच्या मनात पाल चुकचुकली.

वरवंडच्या कालव्याकडेचा रस्ता सकाळी मोकळा असतो. बायकोला गाडी शिकवायची हौस त्याचीच. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. क्लच कसा सोडायचा ते निघताना त्याने चहाच्या कपबशीवर समजावलं होतं, आणि सुलक्षणाने भोळेपणाने मान डोलावली होती. आता तिने तो इतक्या अलगद सोडला, की गाडी कधी हलली ते त्याला कळलंच नाही. स्वतः शिकताना त्याने महिनाभर गाडी बेडकासारखी उडवली होती.

“कुणी शिकवलं?”

“तुम्हीच की आत्ता. कपबशीवर.”

गिअर बदलताना ती खाली बघत नव्हती. पुलाच्या चढावर त्याने मुद्दाम गाडी थांबवायला लावली. तिथं भल्याभल्यांची गाडी मागं घरंगळते. हिची जागची हलली नाही.

रविराजला वाटलं, शिकवणारा कुणीतरी होताच. शेजारी बसून, हिच्या हातावर हात ठेवून गिअर दाखवणारा.

त्यात ती सारखी मागं बघत होती. आरशात नाही, मान वळवून. प्रत्येक वळणाला. मागं एक मोटरसायकल होती.

“कोण हाय त्यो?”

“कोण?”

“मागं. ज्याच्याकडं सारखी बघतीयास त्यो.”

मोटरसायकल पुढं निघून गेली. दुधाच्या किटल्या लावलेला म्हातारा होता. रविराजचं समाधान झालं नाही.

“फाट्यावरनं डावीकडं घे. मांडवगणला जाऊ. तुझ्या आईलाच इचारतो, पोरीला गाडी कुणी शिकवली ते.”

सुलक्षणाचा चेहरा उतरला. फाटा आला. डावीकडं वळायचं तर तिने गाडी आधी पार उजव्या कडेला घातली, मान मागं वळवली आणि हा एवढा मोठा फेरा घेऊन सावकाश वळवली.

ओरडायला उघडलेलं रविराजचं तोंड तसंच राहिलं. तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला होता. उसाच्या दोन ट्रॉल्या मागं जोडलेले ट्रॅक्टर, मागली ट्रॉली कडेच्या चारीत जाऊ नये म्हणून, असेच मागं बघत वळताना तो अख्खा हंगाम बघायचा.

“ट्रॅक्टर चालवलायस तू?”

तिने गाडी कडेला घेतली.

“आमच्या आप्पांचा पाय मोडला तवा. आमच्याकडच्या कारखान्याला ऊस मीच न्यायची. लोकं म्हणायची, ट्रॅक्टरवर बसणारी पोरगी कोण करून घेणार. म्हणून आईनं सांगू दिलं न्हाई. तुम्ही बघाया आला तवा हाताला मेंदी हुती, ती घट्टे झाकायला.”

ती मेंदी त्याला आवडली होती. घरी येऊन त्याने आधी तेच सांगितलं होतं. आता त्याला तिच्याकडं बघायची लाज वाटली.

“जायचं का मांडवगणला?” तिने विचारलं.

“नको. घरी चल.”

घराकडच्या वळणाला तिने पुन्हा गाडी उजव्या कडेला घातली. मागं ट्रॉल्या न्हाईत, असं तो म्हणणार होता. पण त्याने काच खाली केली, मान बाहेर काढून मागं बघितलं, आणि काट्यावर ओरडतात तसं ओरडला,

“येऊ दे, येऊ दे. निघाली मागली ट्रॉली.”