पट्टेवाली

सार्जंटने ताडपत्रीवर बूट ठेवला. "पंधरा मिनिटं देतो. मग गाडी येईल आणि सगळं उचलून नेईल."

पावणेचार झाले होते. डोन्या ओलिवाने आज इस्त्रीचा ब्लाऊज घातला होता, ओठांना रंगही लावला होता. चार वाजता फाटकाच्या आत, मोठ्या मंचावर, तिची लेक युरानी बास गिटार वाजवणार होती. चार पोरींचा बँड, नाव ‘लास तेर्कास’. म्हणजे हट्टी बायका. हे नाव आईवरून ठेवलं का, असं कुणी विचारलं की युरानी नुसती हसायची. बोगोताच्या या रॉक महोत्सवाच्या फाटकाबाहेर ओलिवाने अठरा वर्षं काढली होती, पण आत एकदाही गेली नव्हती. आज जायचं ठरलं होतं. पोरीने बजावलं होतं, "अगदी पुढे उभी राहा. तू दिसलीस की माझे हात थरथरत नाहीत."

ताडपत्रीवर कमरेचे पट्टे होते. तीनशेच्या वर. चामड्याचे, खिळे ठोकलेले, कवटीच्या बकलांचे. पट्टा घालून आत सोडत नाहीत. हाणामारीत त्याचं हत्यार होतं म्हणे. फाटकावर काढून घेतात आणि पिंपात टाकतात, मग तो गेलाच. म्हणून पोरं आधी ओलिवाकडे येतात, पट्टा तिच्या हवाली करतात आणि एका हाताने पँट धरून आत जातात. चिठ्ठी नाही, नंबर नाही. ती पट्टा बघते, तोंड बघते, बस्स. संध्याकाळी ज्याचा त्याला. अठरा वर्षांत एकही चुकला नव्हता. पोरं तिला ‘कूचा’ म्हणतात. म्हणजे ‘अगं म्हातारे’, पण लाडात.

"साहेब, चारला माझी पोरगी वाजवणार आहे. साडेचारला मी स्वतःच सगळं उचलते. तेवढा वेळ द्या."

"मग जा ना ऐकायला! तुम्हाला कुणी धरून ठेवलंय? मला फुटपाथ मोकळा हवाय, एवढंच."

शेजारी अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजणारी रोसाल्बा कुजबुजली, "जा गं बाई. पट्टे काय, बाजारात ढिगाने मिळतात. लेक पहिल्यांदा एकदाच वाजवते."

ओलिवाने ढिगातला एक पट्टा उचलला. भेगाळलेला, खिळ्याने जादा भोक पाडलेला. "हा त्या चष्मेवाल्या पोराच्या बापाचा. बाप गेला गेल्या वर्षी. हा कुठल्या बाजारात मिळतो, सांग मला."

आणि तिने तो स्वतःच्या कमरेला बांधला. मग दुसरा. मग तिसरा, खांद्यावरून आडवा.

"अंगावरचं तर जप्त करत नाहीत ना, साहेब?"

विसाव्या पट्ट्याला इस्त्रीचा ब्लाऊज दिसेनासा झाला. उरलेल्या ढिगावर ती मांडी घालून बसली. सार्जंटने तिला उठवायला दंडाला हात घातला आणि बोट चोखत मागे सरकला. खिळा लागला होता.

रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. रांगेच्या तोंडाशी उभा असलेला दाढीवाला फेर्नेय ओरडला, "कूचा, चिलखत शोभतंय तुला! पण चार वाजत आले की. युरानीचं काय?"

"तिला यातलं काही कळता कामा नये. ऐकलंस का रे, दाढी? हात थरथरतील तिचे."

"तोंडाला कुलूप!" असं म्हणून फेर्नेय झडती देऊन, पँट सावरत आत पळाला.

चार वाजले. निवेदकाने बँडचं नाव पुकारलं. आत एकच गलका झाला आणि ओसरला. मग काहीच नाही.

एक मिनिट गेलं. दोन गेली. एक तारसुद्धा वाजली नाही.

शोधत असेल मला, ओलिवाच्या मनात आलं. दिसत नाहीये मी. गेले पोरीचे हात. तिची बोटं आपोआप पहिल्या बकलापाशी गेली. फाटक तीस पावलांवर होतं. सगळं इथेच सोडावं आणि धावत सुटावं. तिने बकल उघडलं. मग पट्टा आणखी एक भोक आवळून घेतला.

"घाबरली वाटतं पोरगी," सार्जंट म्हणाला. टोमणा नव्हता तो, आपलं सहज बोलला. कोपऱ्यावर गाडी वळताना दिसली.

तेवढ्यात आतले स्पीकर खरखरले. आवाज युरानीचा होता आणि अजिबात थरथरत नव्हता.

"ज्यांच्या पँटी घसरतायत, त्यांनी नीट ऐका. तुमचे पट्टे बाहेर माझ्या आईने अंगावर घेतलेत, आणि पोलिसांची गाडी यायचीय. आम्हाला इथे पंचवीस मिनिटं मिळालीत. तुमचा शेवटचा पट्टा हातात पडेपर्यंत आम्ही तारेला बोट लावणार नाही. मग पंचवीस गेली तरी चालतील. निघा!"

फाटक आतून उघडलं. सगळ्यांत पुढे फेर्नेय, ओशाळलेला. त्याच्यामागे दोनशे, मग तीनशे, एक हात पँटीला आणि दुसरा वर हवेत. ताडपत्रीपासून पार कोपऱ्यापर्यंत रांग लागली. गाडीला पुढे यायला वाट राहिली नाही. सार्जंटने आपला बूट आपणच उचलला.

ओलिवा उभी राहिली. एकेक तोंड बघत अंगावरचे पट्टे सोडवू लागली. आत मंचावर चार पोरी वाद्यं गळ्यात अडकवून गप्प उभ्या होत्या. वीस मिनिटं झाली, बावीस झाली. रांग अजून संपत नव्हती.

सार्जंटला राहवेना. "अहो बाई, वेळ संपत आली त्यांची. तुमच्या पोरीचा कार्यक्रम सुरू कधी होणार मग?"

"हे काय, चालू आहे की," ओलिवा म्हणाली आणि पुढच्याचं तोंड बघू लागली.