बारावं अंडं

पाय घडवणारं जनुक सापाच्याही अंगात असतं. ते चालू करणारं बटण तेवढं बिघडलेलं. ते बिघडायला लाखो वर्षं लागली. संशोधक बाईंनी कोंबडीच्या बारा अंड्यांत तेच काम एका दुपारी उरकलं.

पिल्लं बाहेर यायच्या आत, दहाव्या दिवशी अंडी नष्ट करायची होती. बाईंनी अकरा केली आणि वहीत बारा लिहिली. एकविसाव्या दिवशी उबवणी यंत्रातून चिवचिव आली.

बाईंनी झाकण उघडलं. पिल्लू त्यांच्याकडे टक लावून बघू लागलं.

"मॅडम, पहिल्यांदा दिसेल त्यालाच ते आई समजतं ना?" मागून मदतनीस हसत म्हणाली. "आता बघा, दिवसभर तुमच्या मागे मागे चालेल."

बाईंना मान वर करवेना. पिल्लू पोटाने सरपटत त्यांच्याकडे निघालं होतं.