बॅगेवरचं उपरणं

"ते फडकं काढा," क्लबचे कॅप्टन माझ्या गोल्फ बॅगेकडे बोट दाखवत म्हणाले. "स्पर्धेत बॅगेला क्लबचाच पांढरा टॉवेल लावायचा, नाहीतर खेळायचं नाही."

फडकं नव्हतं ते. माझ्या कीर्तनकार वडिलांचं, आबांचं, लाल काठाचं उपरणं होतं. काल मी बॅगेसाठी टॉवेल शोधत होते, तेव्हा त्यांनी ते खांद्यावरून काढून दिलं. आई कडाडली, "देवापुढचं उपरणं काठ्यांचा चिखल पुसायला?" आबा हसले, "अगं, कीर्तनात मी त्यानं काय अत्तर पुसतो? घामच की!" आणि स्वतः बॅगेच्या कडीत ओवून त्यांनी गाठ मारली.

मी ती गाठ सोडली. मागे कुणीतरी खुदकन हसलं. कॅप्टननी दिलेला टॉवेल निमूट कडीत अडकवला. मग कीर्तनाच्या उत्तररंगाला उभे राहताना आबा बांधतात, तस्संच उपरणं कमरेला घट्ट बांधलं.

"हे काय?" कॅप्टन ओरडले.

"नियम बॅगेचा आहे साहेब, कमरेचा नाही," मी म्हटलं. आणि जिथे कुणी मोठ्यानं शिंकतही नाही, तिथे खणखणीत 'विठ्ठल!' म्हणत पहिला फटका मारला.