पडद्यामागचं "नाही"

"सफूराबेटी, निकाह कबूल आहे?" काझीसाहेबांनी पडद्यामागं येऊन विचारलं.

नवरीनं मेंदीच्या हातांनी ओढणी घट्ट धरली. शेजारी चाचा दातओठ खात उभे होते.

"नाही," ती कशीबशी म्हणाली.

"चारशे माणूस मांडवात बसलंय!" चाचा अंगावर धावले. "नाही म्हणायचा हक्क तुला दिला कुणी?"

"अल्लानं," काझी म्हणाले. त्यांची दाढी भीतीनं हलत होती. "तुम्हाला न विचारता दिलाय, म्हणून तुम्हाला काढून घेता येत नाही."

"मग बाहेर जाऊन सांगा, ती हो म्हणाली. नाहीतर तंगडी तोडीन तुमची!"

बाहेरचा गलका एकदम थांबला. काझींनी घाबरून छातीकडं बघितलं. कॉलरला लावलेला माईक चालूच होता.

मांडवातून नवऱ्याचा रडवेला आवाज आला, "काझीसाहेब, तो हक्क मलापण आहे का?"