भिंतीवरचं आभाळ

"आ करा," पेंटरीण म्हणाली.

पेंटरने डोळे घट्ट मिटून आ केला. तिने जिभेवर गोळी ठेवली, हातात पाण्याचा पेला दिला. लग्न झाल्यापासून औषध घ्यायची त्याची हीच तऱ्हा. गोळी डोळ्यांना दिसली की घशाखाली उतरत नाही म्हणे. दोरांवर टांगलेल्या फळीवर दिवस काढणारा माणूस, आणि गोळीला भितो! आता काय बोलायचं?

"आज सगळ्यात वरचा ढग," तो तोंड पुसत म्हणाला. "संध्याकाळी भिंत पुरी."

"सांभाळून चढा."

"तू आहेस की सांभाळायला," म्हणत तो ब्रश घेऊन निघालासुद्धा. बाटलीतली शेवटची गोळी संपली होती. पेंटरिणीने पिशवी उचलली आणि चपला शोधू लागली.

भानगड सुरू झाली ती त्याच्या खांद्यावरून. उभा जन्म हात वर करून भिंती रंगवल्या. आता हात कानाच्या वर गेला की जीव कळवळायचा. डॉक्टरीणबाईंनी दुखण्याची गोळी लिहून दिली. एकाच गोळीत तीन औषधं होती: पॅरासिटामॉल, सूज उतरवणारं एक आणि आखडलेले स्नायू सैल करणारं एक.

"थोडेच दिवस घ्यायची, तीही जेवणानंतर," त्यांनी बजावलं. "हिच्या जोडीला दुसरी दुखण्याची गोळी नको. सर्दीचीसुद्धा मला विचारल्याशिवाय नको, तिच्यातही पॅरासिटामॉल असतं, नकळत डोस दुप्पट होतो. आणि हिने पेंग येते. घेतली की परांचीवर चढायचं नाही."

पेंटरने शहाण्यासारखी मान हलवली. बाहेर येताच म्हणाला, "चढायचं नाही म्हणे! भिंत काय खाली येऊन माझ्यापुढे बसणार आहे?"

भिंत मुलांच्या दवाखान्यासमोरची होती. आजारी पोरांना खिडकीतून तेवढीच दिसायची, करडी आणि ओलीचे डाग पडलेली. तिच्यावर आभाळ हवं होतं. हल्ली जो तो छापील कापड ताणतो आणि मोकळा होतो. हाताने रंगवायला पेंटरला पुन्हा कुणी बोलावेल याची आशा नव्हती. ही भिंत अर्धी सोडली असती तर तो आतून मोडला असता, हे बायकोला पक्कं ठाऊक होतं.

तिला आणखीही एक ठाऊक होतं. त्याच्या जोडीदाराचा मागे एकदा परांचीवर तोल गेला होता. तो परत उठला नाही. तेव्हापासून नवरा घरी येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

मग तिने नामी युक्ती काढली. दुखण्याच्या गोळ्या शिवणाच्या डब्यात तळाशी दडवल्या आणि त्याच्या मिटल्या डोळ्यांआड स्वतःच्या कॅल्शियमच्या गोळ्या जिभेवर ठेवायला लागली. हाडांना चांगल्याच, आणि पेंग नाही. आपल्याच हुशारीवर ती खूश होती.

आणि गंमत म्हणजे, गुण आला!

पहिल्याच आठवड्यात तो पापण्यांवर निळे शिंतोडे घेऊन घरी आला, आणि दारातच थबकून राहिला.

"आज ढग रंगवता रंगवता मी जरा आत जाऊन आलो," तो संथपणे म्हणाला.

"आत म्हणजे कुठे?"

"ढगात. मऊ होतं गं. खांदा आहे की नाही तेच कळेना. हात आपला आपला चालत होता. खाली रस्ता वाहत होता, माणसं पोहत होती. कुणाचा आवाज नाही, काही नाही."

"गोळी गुणाची आहे हो," ती ओठ चावत म्हणाली.

"सोन्यासारखी गोळी," तो म्हणाला आणि घास हातातच ठेवून पेंगला. पेंटरीण स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसली. कॅल्शियम खाऊन झिंगलेला माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

एकदा ती भिंत बघायला गेली. दुपार कलली होती. खालचे ढग रेखीव होते, वरचे मात्र कडा विरघळून एकमेकांत मिसळत गेले होते. ते बघून तिलाच तरंगल्यासारखं झालं. खिडक्यांतून पोरं हात हलवत होती. पेंटर फळीवर मान कलती करून बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने हात हलवला. ढग न्याहाळत असेल, तिला वाटलं. इतका सुखी तो कित्येक दिवसांत दिसला नव्हता. तिला भरून आलं.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात आज गर्दी नव्हती.

"कॅल्शियमची बाटली द्या हो," पेंटरीण म्हणाली. "माझी आमच्या ह्यांनीच फस्त केली."

"काका कॅल्शियम घेतात?" औषधवाल्याने विचारलं.

झालं! इतके दिवस पोटात ठेवलेली गंमत तिने सगळी सांगून टाकली. मिटलेले डोळे, शिवणाचा डबा, ढगात जाऊन येणं, घासावरची डुलकी. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि आत्ता बघा, स्वारी पार वरच्या टोकाला आहे. दुखणं म्हणून नाही!"

औषधवाला हसला नाही. त्याने हातातली बाटली खाली ठेवली.

"काकू, त्यांचं दुखणं थांबलंच नव्हतं," तो म्हणाला. "घरच्या गोळीने भागत नाही म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दाखवून माझ्याकडून तीच गोळी न्यायला लागले. घरी कळू देऊ नका म्हणाले, तुम्ही घाबराल. रोज इथेच पाणी मागून घेतात. मी विचारलंही, चढत नाही ना? तर म्हणाले, छे हो, बायको चढू देईल का? आज शेवटचा दिवस म्हणून दोन एकदम गिळून गेले."