माईंची गाठ

सहलीत सामान एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात परस्पर पाठवायचे, ही कल्पना सुनेची. बॅगेच्या चेनला सुतळी बांधून वर स्वतःची गाठ मारायची, हा हट्ट सासूबाईंचा, म्हणजे माईंचा. ती गाठ चाळीस वर्षांत दुसऱ्या कोणाला सुटली नव्हती.

दुसऱ्या मुक्कामी बॅग पोचली तेव्हा गाठ शाबूत होती. आतले घडीचे कपडे मात्र कोणी अंगाखाली घेतल्यासारखे चुरगळले होते. माईंनी त्यांच्या पुन्हा घड्या घातल्या. आपल्याच गाठीवर संशय कसा घ्यायचा?

तिसऱ्या मुक्कामी पोचेपर्यंत त्यांच्या पायांचे तुकडे पडले होते. कपडे बदलून कधी एकदा पाठ टेकते, असे त्यांना झाले होते. मुलाने बॅग ओढतच खोलीत आणली.

"आई, दगड भरलेस की काय? सकाळी तर हलकी होती."

"वय झालं तुझं. ठेव पलंगावर आणि जा."

दार लागले. माईंनी सवयीने गाठ चाचपली. ती बाहेर नव्हतीच. सुतळीची दोन्ही टोके चेनच्या फटीतून आत गेली होती.

त्यांनी सुतळी हलकेच ओढली.

आतून कोणीतरी, तितक्याच दमलेल्या हाताने, ती परत ओढून घेतली.